दोन फुटांवर कातळ

कर्जत तालुक्यातल्या कळंबच्या आसपास खड्डा खणायला घेतला की पहिला दीड फूट जमीन फसवते. काळपट-तांबूस माती कुदळीला सहज दाद देते, घमेली भराभर वर येतात आणि खणणारा मनातल्या मनात संध्याकाळचा हिशेब मांडू लागतो. मग मुरूम लागतो. कुदळ बाजूला पडते, टिकाव येतो. आणखी अर्धा-पाऊण फूट उतरलं की टिकावाचा आवाज बदलतो आणि पहार मागवावी लागते. खाली मांजऱ्या हा मऊसर खडक असेल तर पहार निदान ढलपे तरी काढते. काळा पाषाण लागला तर ठिणगी उडते आणि खड्डा तिथेच थांबतो. विहिरीसाठी माणूस सुरुंग लावतो, ब्रेकर आणतो. घरामागच्या संडासासाठी ब्रेकर कोण आणणार? तिथे काय केलं जातं आणि काय करायला हवं, एवढाच या लेखाचा विषय आहे. ऐन दिवाळीत हा विषय काढल्याबद्दल कुणी नाक मुरडलं तर माझी हरकत नाही. मात्र घरोघरी पाहुणे येण्याचे दिवसही हेच असतात.

नेरळहून पूर्वेला निघालेला रस्ता कळंबला कर्जत-मुरबाड रस्त्याला मिळतो. पाठीशी माथेरान, समोर भीमाशंकरची रांग, मधे पोशीर नदीचं खोरं. भाताची खाचरं, माळ, आणि डोंगराच्या अंगाला ठाकरांच्या, कातकऱ्यांच्या, महादेव कोळ्यांच्या वाड्या. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थर एकावर एक साचून झालेला हा मुलूख आहे. वरची माती जेमतेम. त्यावर वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, आणि तो जवळपास सगळा चार महिन्यांत. म्हणजे खाली जावं तर दगड आडवा येतो, आणि आषाढ-श्रावणात खालून पाणी वर चढतं. संडासाचा पाइप आणि त्याचा शोषखड्डा यांना या दोहोंच्या मधल्या अरुंद पट्टीत जागा शोधायची असते.

आपली संडास मोजायची रीत मात्र जमिनीच्या वरची आहे. केंद्राचं संपूर्ण स्वच्छता अभियान १९९९ मध्ये आलं, पाठोपाठ राज्यात संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान, २०१२ मध्ये निर्मल भारत, २ ऑक्टोबर २०१४ला स्वच्छ भारत. नावं बदलत गेली, अनुदान वाढत वाढत १२,००० रुपयांवर आलं. गुडमॉर्निंग पथकं पहाटे टमरेलवाल्यांच्या मागे लागली. ग्रामपंचायतीला उभं राहायचं तर संडास वापरत असल्याचा दाखला जोडावा लागू लागला. एप्रिल २०१८ मध्ये महाराष्ट्राचा ग्रामीण भाग हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा झाली. या सगळ्याचा पुरावा म्हणजे फोटो: चार भिंती, वर पत्रा, रंगवलेलं दार, दारासमोर अवघडून उभा असलेला लाभार्थी, सोबत अक्षांश-रेखांश. या अभियानांची टर उडवणाऱ्यांतला मी नाही. अंधार पडेपर्यंत पोट आवळून बसणाऱ्या बायकांच्या पिढ्या या तालुक्यात होऊन गेल्या, आणि ते बसणं पुष्कळ घरांतून संपलं ते याच चार भिंतींमुळे. पण फोटोत पाइप येत नाही. तो येत नाही म्हणून त्याच्याकडे कुणी बघत नाही, आणि संडास चालतो की बंद पडतो हे तर त्या आठ-दहा फुटांवरच ठरतं.

कळंबपासून आत, डोंगराच्या बाजूला असलेल्या एका वाडीत नवं काम चाललं होतं. घराच्या मागे, शेवग्याच्या पलीकडे, दोन खड्डे आखलेले. एक खणून झालेला, दुसऱ्यात दोघे बिगारी उतरलेले. घरमालकीण पदर खोचून काठावर उभी. तिचं म्हणणं एकच होतं, आणि ते मी या भागात जवळपास प्रत्येक घरी ऐकलं आहे.

"मामा, अजून खोल न्या की. एवढासा खड्डा लगेच भरंल."

"ताई, खोल नेऊन काय विहीर पाडायचीय का?" गवंडीमामा म्हणाले. "तुमी पाच जणं. एका खड्ड्याला तीन वर्षं कुठं नाय गेली."

मामांचं गणित बरोबर होतं. शोषखड्ड्यात पाणी जमिनीत मुरतं, मैला कुजतो, वायू मातीत विरतात. उरतो तो गाळ एका माणसामागे वर्षाला चाळीस-पंचेचाळीस लिटरच भरतो. पाच माणसांचा तीन वर्षांचा गाळ होतो सुमारे पावणेसातशे लिटर. एक मीटर व्यास आणि एक मीटर खोली असलेल्या गोल खड्ड्यात पावणेआठशे लिटर मावतात. म्हणजे पाइप जिथे आत शिरतो त्याखाली तीन-सव्वातीन फूट मिळाले की घर निवांत. खोली मिळत नसेल तर खड्डा रुंद करावा, हे साधं उत्तर आहे. पण आपल्याकडे संडासाची प्रतिष्ठा त्याच्या खोलीवर ठरते. "आमचा बारा फुटी आहे" हे वाक्य मी अभिमानानं उच्चारलेलं ऐकलं आहे. बारा फुटी खड्डा म्हणजे पावसाळ्यात भूजलात थेट सोडलेला मैला, हे त्या अभिमानात कुठे बसत नाही.

आता पाइपकडे येऊ. भांड्याखाली असतो ट्रॅप, वाकड्या मानेचा तुकडा. त्या मानेत कायम पाणी अडकून राहतं आणि खालची दुर्गंधी वर येत नाही. ही युक्ती घड्याळजीची आहे: अलेक्झांडर कमिंग नावाच्या स्कॉटिश घड्याळजीनं १७७५ मध्ये लंडनला तिचं पेटंट घेतलं. शहरी कमोडला ते पाणी ढकलून द्यायला टाकीभर पाणी लागतं. खेड्यातल्या संडासासाठी आपल्याकडे जे भांडं तयार झालं त्याचा तळ मुद्दाम तीव्र उताराचा केला आणि ट्रॅपमधलं पाणी वीस मिलिमीटरवर आणलं, म्हणजे बोटाच्या एका पेराएवढं. त्यामुळे दीड-दोन लिटरची, तांब्या-दोन तांब्यांची फेक पुरते. ज्या वाड्यांत एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट बघावी लागते तिथे हा फरक म्हणजे संडास वापरणं आणि त्यात गोवऱ्या रचणं यांतला फरक आहे.

पण दोन लिटर पाणी ढकलून ढकलून किती ढकलणार? शहरातली टाकी आठ-दहा लिटर ओतते, तिच्या जोरावर चाळीस फुटांना एक फूट उताराचा पाइपही साफ राहतो. तीच सवय घेऊन शहरात काम केलेला गवंडी गावी येतो आणि दहा फुटांच्या पाइपला तीन इंचांचा ढाळ देतो. दिसायला पाइप उतरता दिसतो, पाणीही जातं. मैला मात्र मधेच बसतो. दुसऱ्या दिवशी त्यावर आणखी थोडा, आणि आठवड्याभरात भांडं तुंबतं. मग काठी, मग तार, मग ॲसिडची बाटली, आणि शेवटी दाराला कुलूप. तांब्याभर पाण्याच्या संडासाला पंधराला एक ढाळ लागतो. गवंड्याच्या भाषेत फुटाला पाऊण इंच, आणि वर थोडं. दहा फुटांना आठ इंच.

मामांनी हा ढाळ नळीनं काढला. पारदर्शक लांब नळीत पाणी भरायचं, हवेचा बुडबुडा राहिला नाही ना ते बघायचं, एक टोक ट्रॅपच्या तोंडाशी, दुसरं खड्ड्याच्या काठाला बांधलेल्या काठीवर. पाणी दोन्हीकडे एका पातळीला थांबतं. तिथे खूण, तिथून खाली आठ इंच मोजून दुसरी खूण, दोन्हींमध्ये सुतळी. चर त्या सुतळीखाली खणायचा, डोळ्यांनी नाही. डोंगराच्या अंगाला राहणाऱ्या माणसाचा डोळा उताराबाबत हमखास चुकतो, कारण त्याच्यासमोरची सगळी जमीनच कललेली असते.

पाइप किती इंची, यावरही घरात वाद होता. घरच्या मुलानं नाक्यावरून चार इंची आणला होता. मोठा पाइप तुंबत नाही असं त्याला दुकानात सांगितलेलं. बाथरूम-संडास एकत्र सोडायचे तर चार इंची ठीक. पण दोन लिटर पाणी चार इंची पाइपात पसरून पातळ होतं, तीन इंचीत ते मैल्याला उचलून नेतं. ग्रामीण शोषखड्ड्यांच्या संडासाबद्दल १९८७ साली जी भारतीय मानकं निघाली (आयएस १२३१४) त्यांत पंचाहत्तर मिलिमीटरचा पाइप चालतो असंच आहे. चार इंची आणलाच असेल तर ढाळ वाढवावा, वाटेत कोपरा घेऊ नये, आणि सांधा देताना पाइपाचं रुंद तोंड वरच्या बाजूला ठेवावं, म्हणजे वाहत्या मैल्याला कड अडत नाही. हे शेवटचं सांगण्यासारखं नाही असं वाटेल. मी उलटे जोडलेले पाइप पाहिले आहेत.

आता खरा पेच. ट्रॅपचं तोंड संडासाच्या फरशीखाली साधारण एक फूट. फरशी जमिनीलगत असेल तर पाइप जमिनीखाली एक फुटावर सुरू होणार, बारा-पंधरा फूट चालून आणखी एक फूट उतरणार आणि दोन फुटांवर खड्ड्यात शिरणार. त्याच्याखाली खड्ड्याला अजून तीन-सव्वातीन फूट हवेत, आणि कातळ तर दोन-अडीच फुटांवरच बसलेला. पाइप खड्ड्यात शिरतो तिथेच खड्ड्याचा तळ! असे संडास या भागात शेकड्यांनी नसले तरी बोटांवर मोजण्याइतके थोडेही नाहीत. ते दोन महिन्यांत भरतात, आणि दोष येतो घरच्यांच्या वापरावर.

उत्तर खाली नाही, वर आहे. जोतं दीड फुटानं उचलायचं, पाइप कमी लांबीचा ठेवायचा. मग ट्रॅपचं तोंड जमिनीच्या वर अर्धा फूट येतं, आठ-दहा फुटांचा पाइप जमिनीच्या जेमतेम खालून, एखाद-दोन इंचांवरून खड्ड्यात शिरतो. खड्डा जमिनीत अडीच फूट आणि जमिनीच्या वर फूटभर, उणी पडलेली खोली रुंदीत भरून काढलेली. वर आलेल्या कठड्याभोवती चहूबाजूंनी चार-पाच फुटांपर्यंत मातीचा भराव, ठोकून घट्ट केलेला. पावसाळ्यात खाचरातलं पाणी चढलं तरी ते भरावाच्या पायाशी थांबतं, खड्ड्यात ओसंडत नाही. मामांच्या कामात जोतं सव्वा फूट होतं, दोन पायऱ्या आल्या होत्या. घरात म्हातारी आहे हे बघून त्यांनी पायऱ्या रुंद घेतल्या आणि दाराशी धरायला आडवा पाइप लावायचं कबूल केलं. मानकांत हे नसतं.

उथळ पाइपाला अर्थातच शत्रू पुष्कळ. बैल, ट्रॅक्टर, सरपणाची मोळी टाकणारे हात, पावसाची वाहती धार. चर भरताना पाइपाखाली वीतभर वाळू किंवा चाळलेला मुरूम हवा; टोकदार दगडावर टेकलेला पाइप वरून वजन आलं की तिथेच चिरतो. जिथून गुरं जातात तेवढा भाग वरून काँक्रीटनं झाकावा. आणि सांधे पक्के हवेत, नाहीतर उंदीर आणि खेकडे आपली वाट काढतातच. २०१९ मध्ये तिवरे धरण फुटलं तेव्हा राज्याच्या जलसंधारण मंत्र्यांनी दोष खेकड्यांच्या माथी मारला होता आणि सगळा महाराष्ट्र हसला होता. धरणाचं मला माहीत नाही. संडासाच्या पाइपाभोवतीची भुसभुशीत माती खेकड्याला आवडते, हे मात्र कोकणातला कुणीही सांगेल.

उथळपणाचा हा आग्रह केवळ कातळामुळे नाही, त्याला जुनी बैठक आहे. जॉर्ज व्हिव्हियन पुअर या इंग्रज डॉक्टरनं १८९३ मध्ये ग्रामीण आरोग्यावर पुस्तक लिहिलं. मैला खोल पुरू नये, वरच्या नऊ ते बारा इंच मातीत पुरावा, कारण जमिनीतले सूक्ष्म जीव त्याच थरात असतात आणि तेच त्याचं खत करतात, असं त्याचं प्रतिपादन. गांधीजींनी पुअरचा दाखला वारंवार दिला आणि आश्रमांतून ते आचरणात आणलं. कोकणात हे काम ज्यांनी हाडीमाशी खिळवलं ते अप्पासाहेब पटवर्धन. रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी भंगीकाम मागितलं. ते नाकारलं गेलं म्हणून त्यांनी उपोषण धरलं, आणि त्यांना पाठिंबा म्हणून डिसेंबर १९३२ मध्ये येरवड्यात गांधीजींनीही उपवास सुरू केला. सरकार दोन दिवसांत नमलं. संडास साफ करण्याचा हक्क मिळावा म्हणून उपोषण करणारा माणूस पुढे संडासाचा आराखडाच बदलायला निघाला, यात नवल नाही. १९४८ मध्ये कणकवलीला गोपुरी आश्रम उभा राहिला, तिथल्या प्रयोगांतून गोपुरी संडास निघाला: दोन खण, आळीपाळीनं वापरायचे, मैल्यावर माती-पालापाचोळा टाकायचा, एक भरला की बंद करून कुजू द्यायचा. ताजा मैला माणसाच्या हाती येऊच नये, हा त्यामागचा हट्ट. कणकवलीचा जांभा आणि कळंबचा काळा पाषाण निराळे, पण पाऊस तोच.

देहूला डॉ. सु. वि. मापुसकर १९६०च्या सुमारास प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले तेव्हा गावात संडास नव्हते. जुलाब-जंतांचे तेच ते रोगी फिरून येतात, हे बघून त्यांनी संडास बांधायला घेतले. पहिल्या खेपेचे पावसाळ्यात कोसळले. लोक पुढची कितीतरी वर्षं त्यांना दारात उभं करेनात. मग ते अप्पांकडे शिकले, आणि पुढची चार-पाच दशकं देहूत राहून त्यांनी खड्डे, पाइप, मैल्यापासून गोबरगॅस असं सगळं गाव मार्गी लावलं. आपल्या संस्थेला नाव दिलं तेही अप्पांचंच. २०१५ मध्ये ते गेले, २०१७ मध्ये मरणोत्तर पद्मश्री मिळाली. माझ्या मते त्यांच्या कामातला सगळ्यात शिकण्यासारखा भाग तो पहिला पावसाळा आहे. भिंती उभ्या करून अधिकारी निघून जातात. पडलेल्या भिंतींशेजारी राहणारा डॉक्टर जमिनीबद्दल विचारू लागतो.

जमिनीबद्दल विचारायला हवं असं कळंबला अजून एक कारण आहे. विहिरीपासून संडासाचा खड्डा दहा-पंधरा मीटर दूर असावा असं पुस्तिकांत असतं. मातीच्या प्रदेशात ते पुरतं. मातीतून पाझरताना जंतू गाळले जातात. कातळातल्या भेगेला गाळणं ठाऊक नाही. वरच्या वाडीच्या खड्ड्यातलं पाणी भेग धरून खालच्या वाडीच्या बावडीत किंवा ओढ्यातल्या डवऱ्यात उतरायला पंधरा मीटर काय, पन्नास मीटरही अडवणार नाहीत. म्हणून कातळावर खड्डा घेताना तळ चिखलमातीनं लिंपून बंद करायचा आणि विटांच्या जाळीदार भिंतीबाहेर दीड फूट जाडीचा वाळूचा वेढा भरायचा, म्हणजे पाणी आधी वाळूतून जाईल. वाळू महाग आहे, हे खरं. पण विहीर खालच्या अंगाला असेल तर हा खर्च टाळून चालत नाही, आणि उंचावरच्या घरानं तो करावा यासाठी खालच्या घराला काहीच म्हणता येत नाही, हा आपल्या ग्रामपंचायतींच्या कारभारातला मोठा खड्डा आहे.

जाळीदार भिंतीच्या विटांवरून कातकऱ्यांकडे यायलाच हवं. दिवाळी झाली की कर्जत-खालापूरच्या कातकरी वाड्यांतली कुटुंबं वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. ज्या विटांनी तालुक्याचे खड्डे बांधले जातात त्या थापणाऱ्याच्या घरामागे खड्डा नसतो, किंवा असतो तो अर्धवट. याचं उत्तर नुसतं 'त्यांना सवय नाही' असं देणारे अधिकारी आणि पाहुणे मला भेटले आहेत. कितीतरी वाड्यांत घर कातकऱ्याचं आणि घराखालची जमीन दुसऱ्याची आहे. भिंत उभी केली तर मालक कानाडोळा करतो, जमीन खणली की येऊन उभा राहतो. खड्डा म्हणजे ठिय्या, हे त्यालाही कळतं. नोव्हेंबर २०२३ मध्ये पीएम-जनमन योजना आली, तीत कातकऱ्यांच्या घराला दोन लाख आणि संडासाला वेगळे १२,००० रुपये आहेत. जागेचा प्रश्न सुटला तिथे घरं उठताहेत. पण भट्टीवर गेलेलं कुटुंब गवंड्याच्या मागे उभं राहू शकत नाही, काम ठेकेदार ओळीनं उरकतो, आणि मे महिन्यात परतलेल्या बाईला तयार संडास मिळतो, ज्याच्या पाइपाचा ढाळ तिनं पाहिलेला नाही. त्यात पाच माणसांना दिवसाला किमान दोन हंडे पाणी. ते हंडे कुणाच्या डोक्यावरून यायचे हे सांगायला नको.

ठेकेदारी कामाच्या दोन खोडी तर ठरलेल्या. पहिली, दोन खड्डे एकामागे एक जोडणं: पहिल्यातून ओसंडलेलं दुसऱ्यात. सेप्टिक टँकची ही नक्कल. यात दोन्ही खड्डे एकाच वेळी ओले राहतात, एकालाही विश्रांती नाही, आणि उपसायची वेळ आली की ताजा मैलाच हाती येतो. दोन खड्डे घेण्याचा सगळा हेतूच बुडाला. खड्डे जोडायचे ते मधल्या चेंबरमधून फुटलेल्या दोन फाट्यांनी. एक फाटा विटेनं बंद, एक चालू. दुसरी खोड, वर सोडलेला वायूचा पाइप. शोषखड्ड्याला त्याची गरज नाही, वायू मातीत जिरतो. पण पाइप दिसतो आणि दिसणाऱ्या गोष्टीचं बिल निघतं.

हे सगळं गरिबाच्या संडासाबद्दल झालं. नेरळ-कळंब-कशेळे पट्ट्यात गेल्या काही वर्षांत फार्महाऊसं आणि मुंबईकरांची दुसरी घरं उठली आहेत. त्यांचे सेप्टिक टँक प्रशस्त, टाइल्स चकचकीत. टँकच्या शेवटच्या पाइपाचं तोंड कुठे उघडतं ते विचारलं की मात्र माळी ओढ्याकडे बोट दाखवतो. टँकमधून बाहेर पडणारं पाणी स्वच्छ नसतं, फक्त गाळ खाली बसलेलं असतं. त्यालाही शोषखड्डा किंवा जमिनीत पसरून मुरवणारे उथळ चर लागतात. ओढा पोशीरला, पोशीर उल्हासला मिळते, आणि उल्हासचं पाणी पुढे बदलापूर-कल्याणकडे नळानं प्यायलं जातं. शनिवार-रविवारी आलेला पाहुणा सोमवारी आपल्याच नळावर भेटतो म्हणायचा.

घरं दाटीनं असतील, प्रत्येकामागे दोन खड्ड्यांना जागाच नसेल, तिथे काय? ब्राझीलमधल्या नाताल शहरात १९८०च्या दशकाच्या सुरुवातीला जुझे कार्लुस दि मेलु या अभियंत्यानं वस्तीतल्या घरांच्या परसांतून जाणारे उथळ, बारीक पाइप टाकले. परसातून ट्रक जात नाही, मग मीटर-दीड मीटर खोल कशाला खणायचं, हा त्याचा साधा प्रश्न होता. एका आळीनं मिळून एक पाइप सांभाळायचा. कराचीत अख्तर हमीद खान यांच्या ओरंगी प्रकल्पानं १९८०पासून गल्लीगल्लीतल्या लोकांना आपापल्या पैशांनी गटार टाकायला लावलं. आपल्याकडे चार-पाच घरांची पागोळी एकाच अंगणात पडते अशा वाड्यांत हे जमण्यासारखं आहे. भावकीत बोलणं चालू असलं पाहिजे, एवढीच अट. ती अट अभियंत्याच्या हातातली नाही.

आंघोळीचं आणि भांड्यांचं पाणी मात्र या पाइपात मुळीच घेऊ नये. ते खड्ड्याला बुडवतं. मामांनी त्यासाठी वेगळी नाली काढून केळीच्या आळ्याकडे वळवली, पलीकडे अळू होतंच.

त्या घरचं काम चालू असताना शेजारचे दादा येऊन उभे राहिले. त्यांचा संडास २०१७चा, एक खड्ड्याचा, गेल्या पावसाळ्यात भरला. त्या लाटेत बांधलेले असे एक खड्ड्याचे कितीतरी संडास आता भरत आले आहेत. उपसणारा टँकर वाडीपर्यंत चढत नाही, आणि माणूस उतरवणं २०१३च्या कायद्यानं गुन्हा आहे. केंद्रानं २०२२ मध्ये एका खड्ड्याचे दोन करण्याची मोहीम काढली ती याचसाठी. दुसरा खड्डा घ्यायचा, मधे चेंबर बसवायचं, जुन्याला दोन वर्षं झाकून ठेवायचं. मग त्यातून निघतं ते काळं, भुसभुशीत, बिनवासाचं खत. ते उचलायला अजूनही सगळे हात पुढे येत नाहीत, आणि त्यामागे वासाहून जुनी कारणं आहेत.

मामा हात झटकून शेजारी गेले. नळी लावली, दोनदा बघितलं.

"चेंबर मधे घालायला ढाळच नाय इथं," ते म्हणाले. "भांडं उचलावं लागंल. जोतं नऊ इंच वर."

"आन् भिंती?"

"भिंतींला काय झालंय? पत्रा वर सरकवू."

"दार बसंल?"

"खालून फळी मारू."

दादांनी खर्च विचारला. मामांनी आकडा सांगितला, दादांनी त्याच्या अर्ध्यापासून सुरुवात केली.